अठ्ठ्यांची जोडी

काल सकाळी कांद्याच्या रोपाच्या जुड्या अंगणात येऊन पडल्या आणि घरभर तो हिरवा, उग्र, डोळ्यांच्या कडांना झोंबणारा वास भरला. तुळशीचं लग्न उरकलं की आमच्या आळे गावच्या शिवारात हा वास येतोच. सकाळी दव असतं, वरंब्यावर पाय ठेवला की थंडी पोटरीपर्यंत चढते. बायका साडीवर नवऱ्याचे जुने शर्ट चढवून लागणीला वाकतात. आणि मग कुणाच्या तरी मोबाईलवर लाईटचं वेळापत्रक येतं. येतं न येतं तोच सगळं शिवार एकमेकाला एकच विचारत सुटतं, दिवसाची का रात्रीची?

ऋतू पालटला की लोकांना म्हणे फुलं आठवतात, कुणाला आईच्या हातचे लाडू आठवतात. मला पत्ते आठवतात. हसायचं तर हसा खुशाल. मला तीन पानं आठवतात, एक बदाम अठ्ठी, एक किल्वर अठ्ठी, आणि त्यांच्या शेजारी लग्नात बिनबोलावता आल्यासारखी उभी असलेली एक चौकट तिर्री. अठ्ठ्यांची जोडी. तीन पत्तीत हिला कुणी वाईट म्हणणार नाही, पण हिच्यावर उडी मारावी असंही काही नाही. राजांची, राण्यांची जोडी हिच्या डोक्यावर बसते, एका रंगाच्या पानांचा कलर बसतो, ओळीच्या पानांची रन बसते. वाईट पानं आली तर माणूस ती फेकून मोकळा होतो. तीन एक्के आले तर येडा माणूससुद्धा जिंकतो. खरी परीक्षा असते ती अशा मधल्या पानांची. फेकवत नाहीत आणि मिरवताही येत नाहीत.

आणि खरं सांगू का, आमच्यासारख्यांचं सगळं आयुष्यच मधल्या पानांचं. रान आहे, पण फार नाही. विहीर आहे, पण सामायिक. शिक्षण आहे, बारावीपर्यंत. आपण कुणाच्या अध्यात नाही, पण कुणी अंगावर आलं तर हातात हत्यार म्हणून काय, तर अठ्ठ्यांची जोडी. तेवढ्यावर कसं टिकायचं, हे मला कुठल्या शाळेत कुणी शिकवलं नाही. ते मी बराखीत शिकले.

बराखी म्हणजे आमच्याकडची कांदा साठवायची लांबट, वारा खेळता राहील अशी जागा. उन्हाळ्यात भरलेला कांदा भाद्रपदात दमटपणाने सडायला लागतो. तो निवडावा लागतो. बाहेर झड लागलेली असते, रानात पाय घालता येत नाही, मग सगळं घर बराखीत. सडक्या कांद्याचा वास एकदा नाकात बसला की दोन दिवस चहालाही तोच वास. दुपारी भाकरी खाऊन झाली की माझे सासरे, तात्या, पोत्यावर पसरून बसायचे आणि बंडीच्या खिशातून पत्त्यांचा कॅट काढायचे. कडा इतक्या मऊ झालेल्या, की पिसताना आवाजच यायचा नाही.

खेळायला आमचे हे, तात्या आणि नाना. नाना म्हणजे माझा चुलत दीर, विहिरीतला दुसरा वाटेकरी. चौथं माणूस म्हणून तात्यांनी मला बसवलं. सून सासऱ्यासंगं पत्ते खेळते, ही बातमी आळ्यात कुठवर गेली असेल ते तुम्हीच ओळखा. एक म्हातारे पावणे तात्यांना तोंडावर म्हणाले, "शोभतं का हे?" तात्या पानं वाटता वाटता म्हणाले, "चौथा गडी कमी पडतोय राव. तुमी बसता का?" पावणे बसले नाहीत, आणि मी उठले नाही.

नानाची बायको शोभा मात्र खेळायची नाही. "मला काय कळतंय त्यातलं," म्हणायची आणि पाठमोरी बसून कांदे निवडत राहायची. पैसे लावणं तात्यांना चालायचं नाही. आम्ही चिंगळी लावायचो, म्हणजे सगळ्यात बारका कांदा, ज्याला मंचरच्या बाजारातही कुणी विचारत नाही. प्रत्येकापुढे एकेक पाटी.

खेळ ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, फार नाही त्यात. प्रत्येकाला तीन पानं. बघून खेळा नाहीतर न बघता खेळा. न बघता खेळणारा तो ब्लाइंड. त्याने एक कांदा टाकला तर बघून खेळणाऱ्याने दोन टाकायचे. आणि मोठा नियम हा, की ब्लाइंड माणसाकडे "शो", म्हणजे पानं उघडी कर, असं मागता येत नाही. तो पानं बघेपर्यंत तुम्ही आपले दुप्पट भरत राहायचं, नाहीतर पॅक करून, म्हणजे पानं टाकून, उठायचं. सगळं जगच या नियमावर चाललंय असं मला कधी कधी वाटतं. डोळे मिटून रेटणाऱ्याला स्वस्त, बघून पाऊल टाकणाऱ्याला महाग.

नाना पानांना हातच लावायचा नाही. मांडीखाली सरकवायचा, तळहातावर तंबाखू मळायचा आणि ओरडायचा, "ब्लाइंड. आन वर दोन. आन हे घ्या अजून चार." झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात ना, नानाचं अख्खं राजकारण त्या मुठीवर. पानं बघितली तरी तोच थाट. दुर्री, पंजी, नव्वी असा कचरा हातात असला तरी तो अशा ऐटीत ढीग लोटायचा, की समोरचा घाबरून पॅक. मग पॅक झालेल्याला आपला कचरा दाखवून नाना पोट धरून हसायचा. हरण्यापेक्षा ते हसणं लागायचं मला.

पहिल्या वर्षी मी हातातल्या जोड्या फेकत गेले. एकदा तात्यांनी माझी फेकलेली पानं उलटून बघितली. दश्शांची जोडी.

"ही फेकली?"

"नाना एवढं लावत होते. म्हटलं, असेल काहीतरी."

"आवाज म्हंजी पान न्हवं, सुमन," तात्या म्हणाले. तेवढंच.

मग मी दुसऱ्या टोकाला गेले. जोडी आली की मीच ओरडून वाढवायला लागले. झालं काय, हातात कचरा असला की नाना गप पॅक करायचा, आणि खरंच चांगलं असलं तेवढ्याच वेळी माझ्यामागं यायचा. म्हणजे हरत असेल तेव्हा तो पळणार, जिंकत असेल तेव्हा मी भरणार. पाटी रिकामी. तात्या म्हणाले, "जोडीनं डरकाळी फोडायची नाय. त्यो वरडतोय ना, वरडू दे. आपण नुसतं भरायचं न् बसायचं. त्याचा त्योच पुढं येतोय. फेकायची नाय आन उधळायचीबी नाय. जपायची."

एका दुपारी मी तसंच केलं. भरलं, बसले, शेवटी शो मागितला, आणि नानाने तीन राजे टाकले समोर. खरेखुरे. माझी अख्खी पाटी गेली. नाना इतका हसला की तंबाखू ठसक्यात गेली. मला रडू फुटायचं बाकी होतं. मी तात्यांवरच चिडले, "बघा तुमचं शहाणपण."

तात्या म्हणाले, "येकांद्या टायमाला खरंच निघतंय. निघू दे. देऊन टाकायचं. पन राजे त्याला रोज येत नाय, आन बोंब मात्र रोज मारतोय. तू उठू नको म्हंजी झालं."

उठू नको. आता तात्या नाहीत, पण ते दोन शब्द अजून कानात आहेत.

तर ज्या हंगामाची ही गोष्ट, त्या साली भाद्रपदानंतर आमच्या ह्यांच्या पाठीचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी सांगितलं, चैत्रापर्यंत वाकायचं नाही, उचलायचं नाही, ओल्या रानात पाय टाकायचा नाही. खाटेवर पडून ते आढ्याकडे बघायचे. रोप तर टाकून झालेलं. लागण मी बायका लावून करणार होते, त्याची भीती नव्हती. भीती पाण्याची होती.

आमच्याकडे शेतीची लाईट काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. सामायिक विहिरीवर मोटर एकच. म्हणून रीत अशी, की दिवसाच्या लाईटीला एका वाटेकऱ्याने पाणी भरायचं, रात्रीच्या लाईटीला दुसऱ्याने, आणि पंधरा दिवसांनी पालटायचं. तुळशीच्या लग्नानंतर विहिरीवर जांभळाखाली बसायचं, नारळ फोडायचा आणि हंगामाच्या पाळ्या ठरवायच्या. वर्षानुवर्षं हे सुखानं चाललं होतं. पण आता उसातून कांद्यात आणि कांद्यातून उसात बिबट्या फिरतो. आम्ही त्याला वाघच म्हणतो. त्याच आठवड्यात शेजारच्या मळ्यातला कुत्रा साखळीसकट गेला होता, आणि आमच्या ओल्या वाफ्यात पंजा उमटला होता, माझ्या तळहाताएवढा. रात्री पाणी भरायला मजूर कुठून येणार? दुप्पट मजुरीला कुणी तयार नव्हतं. आणि त्यांचं काय चुकलं? जीव सगळ्यांनाच हवा असतो. म्हणजे रात्रीच्या पाळीला त्या उसाच्या कडेनं, हातात बॅटरी घेऊन, वाकून एकेक वाफ्याचं दारं मोडायचं, म्हणजे माती ओढून पाणी आत वळवायचं, ते मी. वाघ वाकलेल्या माणसावर येतो हे इथं लहान लेकरालाही ठाऊक आहे.

माझं माहेर आणे पठारावरचं, दुष्काळी. तिथं आम्ही पाण्यासाठी रडलो, भांडलो, पण पाण्यापायी जीव द्यायची वेळ आली नव्हती. मी जांभळाखाली सरळ मांडलं. म्हटलं, "नाना, ह्या हंगामाला दिवस आम्हाला द्या. घरात माणूस उभा नाही. पुढच्या वर्षी सगळे दिवस तुमचे. मी रात्रीचं नाव काढणार नाही."

यात वाकडं काय होतं? पण भावकीतली चार माणसं समोर बसलेली, आणि चार माणसं दिसली की नानाच्या अंगात येतं.

"वहिनी, पाणी काय अडचणीवर चालत नाय," तो म्हणाला. "रीत ती रीत. आन आयकायचं आसंल तर आयका, माझं नवं कनेक्शन मंजूर झालंय. दहा हॉर्सपावरची मोटर आणतो. मग हिरीत तुमच्या पाइपाच्या तोंडाला वल बी ऱ्हायची नाय. तवा जे मिळतंय ते गप घ्या."

मंजूर झालेलं कनेक्शन कुणी बघितलं होतं? कुणीच नाही. उचलली जीभ लावली टाळ्याला. मी म्हटलं, "आणा मोटर. पण पाळीचं बोला."

माणसं हसली. ते हसणं नानाला झोंबलं आणि मग तो ते बोलला, जे फक्त आमच्याकडचा, चारचौघांत बसलेला, तंबाखूचा बार भरलेला माणूसच बोलू शकतो. "तात्याच्या शाळंत शिकल्यात ना तुमी? मांडा डाव. येकच. जिकल्या तर हंगामभर दिवस तुमचा. हारल्या तर हंगामभर रात्र तुमची. हाय का हिंमत?"

त्याला वाटलं मी पदर तोंडाला लावून घरी जाईन. हाच त्याचा डाव होता. खेळायचं त्याला नव्हतंच, मला उठवायचं होतं.

मी म्हटलं, "पानं आणा."

घरून आमच्या ह्यांनी निरोप धाडला, नको म्हणून. तात्या विहिरीच्या कठड्याला टेकून बसले होते. त्यांनी निरोप ऐकला, बंडीत हात घातला आणि कॅट माझ्यापुढे ठेवला. बराखीच्या तळाशी राहिलेले कोंब आलेले कांदे आणले, दोन पाट्या सारख्या भरल्या. ठरलं असं, की ज्याची पाटी आधी रिकामी होईल आणि शो झाला नसेल, तो हरला.

पानं भावकीतल्या एका म्हाताऱ्याने वाटली. नानाने आपली मांडीखाली सरकवली. "ब्लाइंड."

मी माझी उचलून बघितली. न बघता खेळणं बाईला परवडत नाही, निदान मला नाही परवडत. बदाम अठ्ठी. किल्वर अठ्ठी. चौकट तिर्री.

काय वाटलं ते सांगते. देवा, द्यायचंच होतं तर राण्यांची द्यायची होतीस, नाहीतर सरळ कचरा द्यायचा, मी सुटले असते. हे मधलंच काय दिलंस? समोर उसाची कड दिसत होती. दुपारच्या उन्हात ती किती गरीब दिसते, पण माझ्या डोळ्यापुढे तिथली रात्र उभी होती.

नानाने टाकला की मी दुप्पट टाकायचे. त्याने वाढवलं की माझं दुपटीने वाढायचं. त्याची पाटी अजून अर्धी भरलेली, माझा तळ दिसायला लागला. "पॅक करा वहिनी, अजून कांदं ऱ्हायल्यात तवर," तो म्हणायचा. "रात्रीला चांगली बॅटरी घेऊन देतो माझ्याकडून." माणसं हसायची. मी भरायचे आणि बसायचे. एकदा हात वाढवायला शिवशिवला. ओंजळभर फेकावेत त्याच्या तोंडावर असं वाटलं. तेवढ्यात कठड्याकडे नजर गेली. तात्या माझ्याकडे बघतही नव्हते, जांभळाकडे बघत होते. मी हात आवरला. जेवढे लागतात तेवढेच टाकले.

आणि तिथंच नानाचं बिनसलं. समोरचा ओरडला तर त्याला जोर चढतो, घाबरला तर अजून चढतो. पण समोरचा नुसताच भरत बसला तर त्याला काय करावं कळत नाही. तो थोडा आणखी थांबला असता ना, तर माझी पाटी संपली असती आणि डाव त्याचा होता, पानं न बघता. पण गप्प बसवेल तर तो नाना कसला? त्याने मांडीखालून पानं ओढली, कडा वर करून बघितली, "आरं तिच्या मायला, काय पानं आल्यात राव," असं म्हणून मांडीवर थाप मारली आणि दोन्ही हातांनी कांदे पुढे लोटले. "आता बोला."

आता तो ब्लाइंड नव्हता.

त्याच्याकडे खरंच असेल का? असेलही. तीन राजे मी विसरले नव्हते. पण तीन राजे आले होते तेव्हा नाना मेल्यासारखा गप्प झाला होता, हेही मी विसरले नव्हते. आज तर तोंडाला खळ नव्हता. गर्जेल तो पडेल काय? तरीही खात्री नव्हती, उगाच आता बढाई मारत नाही. पण अठ्ठ्यांची जोडी घेऊन एवढं चालत आले होते, आता आवाजाला भिऊन ती मातीत टाकायची नव्हती. हरले असते तर रात्री गेले असते, पण पानं बघून गेले असते.

मी पाटी उचलून उरलेले सगळे कांदे ओतले. "शो."

नाना म्हणाला, "आधी तुमचं दाखवा."

"ज्यानं शो मागितला त्यानं मागनं दाखवायचं," तात्या पहिल्यांदा बोलले.

इस्पिक एक्का. चौकट नव्वी. किल्वर चौकी. एक एक्का तेवढा, जोडी नाहीच, बाकी बोलाचाच भात. मी माझी पानं त्याच्या पानांशेजारी ठेवली. कुणीतरी म्हणालं, "अठ्ठ्या?" नुसत्या अठ्ठ्यांवर बाई एवढी बसून राहिली याचंच त्यांना जास्त नवल.

हे इथं संपलं असतं तर मी लिहायला बसलेच नसते. नानाने ढुंगण झटकलं, उठला आणि म्हणाला, "ख्योळ व्हता वहिनी. ख्योळावर कुठं पाणी ठरतं व्हय?" आणि चालायला लागला. चारी माणसं खाली बघायला लागली. मघाशी हसत होती तीच.

मी त्याच्यामागं धावले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी लाईट आली तेव्हा मी स्टार्टरच्या पेटीपाशी होते. हिरवं बटण दाबलं, पाईपात पाणी फुरफुरलं, रानात गेले. नाना आला, म्हणाला फ्यूज काढून नेतो. म्हटलं, न्या. म्हणाला पोलिसांत जातो. म्हटलं, जा, सांगा त्यांना कसा डाव मांडला होता ते. म्हणाला दहाची मोटर उद्या येतेय. म्हटलं, येऊ द्या, नारळ मी फोडते. माझा आवाज चढला नाही, मी शिवी दिली नाही, मी भावकीत रडत गेले नाही. दिवसाची लाईट असेल त्या दर सकाळी हजर. एकदा त्याने खरंच फ्यूज नेला. मी आळेफाट्यावरून दुसरा आणला आणि दुपारपर्यंत पाणी चालू केलं. एखाद्या वेळी खरंच निघतं. देऊन टाकायचं, उठायचं नाही. ती दहाची मोटर अजून यायची आहे.

मग मार्गशीर्षात एका सकाळी शोभा विहिरीच्या वाटेवर दिसली. खुरपं हातात, पण चालताना डोळे मिटत होते. पायाला चिखल वाळलेला. मी विचारलं, "रात्री तू होतीस काय रानात?"

"मग कोन जानार?" ती म्हणाली. "ह्ये पेटीपाशी शेकोटी करून बसत्यात. म्या दारं मोडती."

माझी रात्र मी नानाच्या अंगावर ढकलली असं मी समजत होते. ती शोभाच्या अंगावर पडली होती. नाना हरून शेकोटीशी आणि शोभा उसाच्या कडेला. असा संताप आला की विचारू नका.

"शोभा, उद्यापासून दुपारनंतरची लाईट तुझी. सकाळचं मी भरते, मग तू भर. रात्रीचं पाणी दोघींनीही घ्यायचं नाही. जेवढं भिजेल तेवढं भिजेल. उरल्या वाफ्यात हरभरा टाकू."

"नको आक्का. आमी हारलोय."

"नाना हरला. तू कुठं खेळली होतीस?"

ती खुरपं सावरत घरी गेली. पण संध्याकाळी परत आली, तोंड उतरलेलं. नानाने ऐकून आरडाओरडा केला होता. बाईच्या मेहरबानीचं पाणी आमच्या रानाला लागत नाही, रात्रीच भरायचं, जमत नसेल तर माहेरची वाट धर. शोभाचं माहेर घाटघरकडं, भाताची खाचरं, म्हातारी आई एकटी. "काय करू आक्का? माझ्या हातात काय हाये?"

"गाई कोण पिळतं?"

"म्याच. त्यांना लाथच मारत्यात."

"मग जोडी तर आहे तुझ्या हातात," मी म्हटलं.

"फेकायची नाय आन उधळायचीबी नाय," ती हळूच म्हणाली. बराखीत पाठमोरी बसून कांदे निवडणारी ही बाई, "मला काय कळतंय" म्हणणारी, सगळं ऐकत होती हे मला तेव्हा कळलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती विहिरीवर आली ती हातात पिशवी घेऊन, नवं लुगडं नेसून. नाना पेटीपाशी बसला होता. शोभा त्याच्यासमोर उभी राहिली. "माह्येराला जा म्हनला व्हता. निघाले. फाट्यावर सोडा, नायतर म्या चालत जाते."

नाना ओरडला. खूप ओरडला. पोरांच्या आणाभाका झाल्या, लोक काय म्हणतील झालं, पुन्हा घरात घेणार नाही झालं. शोभाने नुसती पिशवी या हातातून त्या हातात घेतली. तेवढ्यात गोठ्याकडून गाई हंबरायला लागल्या. धारेची वेळ जवळ येत होती. नाना बोलता बोलता थांबला, गोठ्याकडे बघितलं, शोभाकडे बघितलं. तळहातावरची तंबाखू तशीच राहिली. मग बटणाकडे तोंड करून पुटपुटला, "दुपारी भरायला मी काय नको म्हनतोय का? भर की."

शोभाने पिशवी जांभळाच्या फांदीला अडकवली, लुगडं खोचलं आणि रानात उतरली. मी वरंब्यावर उभी होते. आमची नजरानजर झाली तेव्हा ती हसली नाही. मीही नाही. हसायचं नानाचं काम.

त्या हंगामापासून आमच्या विहिरीवर रात्रीचं पाणी बंद आहे. कांदा थोडा कमी निघतो, निघू दे. आता तर शिवारात बाया, वाघाने मान धरू नये म्हणून, गळ्याला काट्यांचे पट्टे बांधून खुरपायला जातात, दिवसाढवळ्या. सरकार येतं, पिंजरे येतात, भाषणं होतात. दिवसा लाईट देऊ असं दर निवडणुकीला कुणीतरी येऊन सांगतं, न बघता, ब्लाइंड. आम्ही आपल्या बसून आहोत.

परवा तुळशीचं लग्न झालं आणि काल जांभळाखाली बैठक बसली. तात्यांच्या जागेवर कठड्याला आता आमचे हे टेकतात. नारळ फोडला. नाना खोकला, इकडंतिकडं बघितलं आणि म्हणाला, "ह्या वर्षी कायतरी नवं करावं लागंल. माझं सोलरचं मंजूर झालंय. सोताचा पंप. मग दिवसबिवस सगळा माझा, कोनाची पाळी न् कोनाचं काय."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात माझ्यामागून आवाज आला. शोभा रोपाच्या जुडीची मुळं झटकत बसली होती. तिने मान वर केली नाही, हात थांबवला नाही.

"शो," ती म्हणाली.